काळ्या बर्फावरची वाट

आइसलँड हा देश आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांश आणि लोकसंख्येने चार लाखांच्या आत आहे. एवढ्या छोट्या देशाची जवळजवळ एक दशांश जमीन कायम बर्फाखाली असते. हिवाळ्यात पडला आणि उन्हाळ्यात विरघळला असा हा बर्फ नाही. वर्षानुवर्षे थरावर थर साचत गेले, खालचे थर वरच्या भाराने दबून काचेसारखे कठीण झाले आणि तो सगळा साठा स्वतःच्याच वजनाने उताराकडे सावकाश सरकू लागला. यालाच आपण हिमनदी म्हणतो. तिथली माणसे ‘योकुल’ म्हणतात. नकाशावर ज्या नावाच्या शेवटी ‘योकुल’ दिसेल तिथे बर्फ आहे असे खुशाल समजावे.

अशाच एका हिमनदीवर, सोलहेमायोकुलवर, तीन तास चालण्याचा योग गेल्या सप्टेंबरच्या सुरुवातीला आला. मी साताऱ्यात एका शाळेत भूगोल शिकवते. धाकटा भाऊ जर्मनीत शिकतो. त्याच्याकडे महिनाभर राहायला गेले होते, तेव्हा तो म्हणाला, “आपा, इतकी वर्षं फळ्यावर हिमनदी काढतेस, एकदा पायाखाली घेऊन तर बघ.” अम्मीला पटायला चार दिवस लागले. अब्बांनी एवढेच विचारले की सोबत जाणकार माणूस असेल का. असेल म्हटल्यावर परवानगी मिळाली.

आइसलँड महाग देश आहे आणि आम्ही विद्यार्थ्याच्या खिशाने निघालो होतो. पाठीवर एकेक पिशवी, मुक्काम हॉस्टेलमध्ये, आणि भावाच्या दोन वर्गमित्रांबरोबर भाड्याची एक छोटी गाडी. पेट्रोल चौघांत वाटून घ्यायचे. बऱ्याच हॉस्टेलांत बायकांची खोली वेगळी मिळते, आधी सांगून ठेवले की झाले. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, तो एकदा मिळाला की आइसलँडसाठी वेगळा लागत नाही.

खाण्याची काळजी घरी सगळ्यांनाच होती. हॉस्टेलात सर्वांसाठी स्वयंपाकघर असते. भांडी तिथलीच, आपण शिजवायचे आणि घासून ठेवायचे. तांदूळ, मसूर डाळ आणि मसाले मी सोबत नेले होते. मासे तिथे ताजे आणि उत्तम मिळतात, त्यामुळे हलाल-हरामचा प्रश्न फारसा आला नाही. गंमत झाली ती दुकानाची. तिथल्या स्वस्त किराणा दुकानांच्या पाटीवर भलेमोठे गुलाबी डुक्कर रंगवलेले असते. व्हिडिओ कॉलवर ते पाहून अम्मी किंचाळलीच. पैसे साठवायचा गल्ला तिकडे डुकराच्या आकाराचा असतो आणि ‘इथे बचत होते’ एवढेच ते चित्र सांगते, हे तिला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. आम्ही तिथून बटाटे आणि कांदे घेतले.

रस्ता आणि ओळखीचा दगड

राजधानी रेक्याविकपासून सोलहेमायोकुल सुमारे १६० किलोमीटर. देशाला वळसा घालणारा एकच मोठा रस्ता आहे, त्यावरून पूर्वेकडे जायचे. उजवीकडे समुद्र, डावीकडे डोंगर. वाटेत सेल्यालँड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे दोन धबधबे लागतात. दोन्ही साठेक मीटर उंचीचे. पाऊस वरून कमी आणि समोरून जास्त येतो, त्यामुळे छत्री नेऊन उपयोग नाही.

मला मात्र धबधब्यांपेक्षा डोंगरांनी जास्त चकित केले. ते परके वाटेचनात. काळा कातळ, त्यावर हिरवे गवत, आडवे आडवे थर आणि पायऱ्यांसारखे कडे. ऑगस्टमधला अजिंक्यतारा किंवा सज्जनगड आठवावा असे. यामागे कारण आहे. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बनलेला, आणि आइसलँडही लाव्हाचाच. दोन्हीकडचा दगड बेसाल्ट. फरक वयाचा. आपला दगड म्हातारा झाला, त्यांचा अजून तयार होतो आहे. पुढे विक गावाजवळ रेनिसफ्याराच्या किनाऱ्यावर दगडाचे सहा-सहा कोनांचे उभे खांब आहेत. अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्यांनी पाहिली असेल त्यांना ते पाहताच ओळख पटेल. अल्लाहच्या जमिनीवर एकच रचना इतक्या दूर दोन ठिकाणी दिसली की माणसाचा प्रवासाचा थकवा उतरतो.

सोलहेमायोकुल ही एका मोठ्या हिमाच्छादनाची खाली उतरलेली जीभ आहे. त्या आच्छादनाचे नाव मीर्दालसयोकुल, देशातले चौथ्या क्रमांकाचे. आणि त्याच्याखाली काटला नावाचा ज्वालामुखी आहे. वर शेकडो मीटर बर्फ, खाली आग. काटलाचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८ साली झाला. बर्फ वितळून असा पूर आला की वाळू आणि गाळाने किनारा काही किलोमीटर समुद्रात पुढे सरकला. १९९९ च्या जुलैत याच हिमनदीखालून अचानक पूर आला होता. शेजारचा एयाफ्यात्लायोकुल २०१० मध्ये उसळला तेव्हा राखेमुळे युरोपातली विमाने कित्येक दिवस जमिनीवर होती, हे अनेकांना आठवत असेल.

हिमनदीतून निघणाऱ्या नदीला जुन्या लोकांनी ‘घाणेरडा ओढा’ अशा अर्थाचे नाव ठेवले आहे. खालच्या ज्वालामुखीतून गंधकाचा वायू पाण्यात मिसळतो आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. गाडीतून उतरताच तो वास नाकात गेला.

तयारी

गाडीतळावर आमचा गट जमला. बारा जण होते, सहा-सात देशांचे. गाइड पंचविशी ओलांडलेली मुलगी होती. गालावर उन्हाचे डाग, आवाज शांत. तिने आधी प्रत्येकाचे बूट तपासले. घोट्यापर्यंत कडक बूट नसतील तर ती पुढे जाऊच देत नव्हती. दोघांना भाड्याचे बूट घ्यावे लागले.

मग क्रॅम्पॉन आले. बुटाखाली बांधायची ही लोखंडी दात्यांची चौकट. हेल्मेट, कमरेला पट्ट्यांचा हार्नेस आणि हातात बर्फाची कुऱ्हाड. हार्नेस रोज वापरायला नसतो. कोणी भेगेत पडलाच तर दोर अडकवून वर काढता यावा म्हणून तो आधीच बांधलेला असतो.

आपल्या वाचक भगिनींसाठी कपड्यांचे दोन शब्द सांगते. आत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घट्ट कपडे, वर उबदार थर आणि त्यावर पाणी न शिरणारे जॅकेट-पँट. सुती कपडा भिजला की अंगातली ऊब ओढून घेतो. जीन्स तर नकोच. मी गुडघ्यापर्यंतचा कुर्ता आत घातला होता, काही अडचण आली नाही. सैल सलवार किंवा घोळदार पायघोळ मात्र चालणार नाही, कारण क्रॅम्पॉनचे दाते कापडात अडकले की माणूस तोंडावर पडतो. डोक्याला अंगासरशी बसणारा पातळ हिजाब बांधला, टोके जॅकेटच्या आत खोचली आणि पिना अजिबात लावल्या नाहीत. त्यावर हेल्मेट नीट बसले. गाइडने माझ्या हनुवटीखालचा पट्टा ओढून पाहिला, “छान, कानही गरम राहतील,” म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली. लहान मुलांना मात्र सगळीकडे नेत नाहीत. साधारण आठ-दहा वर्षांची अट असते, तेव्हा कुटुंबासह जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.

लाकडी पाटी

गाडीतळापासून बर्फापर्यंत काळ्या खडीतून पाऊलवाट जाते. बाजूला एक तळे आहे. पाणी करडे, त्यात बर्फाचे लहानमोठे तुकडे तरंगत होते. वाटेत एका पाटीशी गाइड थांबली. पाटीवर सालांची रांग आणि प्रत्येक सालापुढे मीटरचे आकडे.

ही पाटी जवळच्या क्वोल्सव्होलुर गावच्या शाळेची आहे. २०१० पासून दर पानगळीत त्या शाळेतली सातवीची मुले इथे येतात आणि आदल्या वर्षीच्या खुणेपासून बर्फाचे टोक किती मागे गेले ते मोजतात. आधी नुसते चालत मोजता येई. पुढे बर्फ मागे गेलेल्या जागी हे तळे झाले आणि मुलांना होडी लागू लागली.

“पहिल्या वर्षी मोजणाऱ्या वर्गात मी होते,” गाइड म्हणाली. “बारा वर्षांची. मला वाटलं होतं सहलीला आणलंय. बर्फाचं टोक तेव्हा त्या बाजूला होतं.” तिने कुऱ्हाडीचे टोक तळ्याकडे केले. तिथे पाण्याशिवाय काही नव्हते.

कोणी काही बोलले नाही. भाऊ पाटीवरचे आकडे मनातल्या मनात मिळवत होता. बेरीज काही शेकडो मीटरवर गेली.

एक वयस्क गृहस्थ म्हणाले, हिमनद्या तर पूर्वीही पुढेमागे होत असत. प्रश्न रास्त होता आणि गाइडने तो टाळला नाही. तिने सांगितले की या हिमनदीचे मोजमाप १९३० सालापासून होत आले आहे. आधीची काही दशके ती मागे गेली. मग १९७० च्या आसपासपासून १९९५ पर्यंत ती खरोखर पुढे आली, सुमारे अर्धा किलोमीटर. त्यानंतर पुन्हा मागे वळली आणि पुढे आली होती त्याहून जास्त मागे गेली. “पुढे आली तेव्हाही आमच्या लोकांनी लिहून ठेवलं, मागे जाते आहे तेव्हाही लिहितो. म्हणून तर मी तुम्हाला सांगू शकते,” ती म्हणाली. त्या गृहस्थांनी मान हलवली. मला हे उत्तर फार आवडले. तिला आरडाओरडा करावा लागला नाही. तिच्याजवळ वही होती.

बर्फावर

हिमनदी पांढरीशुभ्र असेल असे मनात होते. प्रत्यक्षात तिचा पायथा काळा होता, कोळशाच्या वखारीसारखा. उद्रेकांची राख बर्फाच्या थरांत अडकलेली असते, बर्फ वितळेल तशी ती वर येते. क्रॅम्पॉन बांधून पहिले पाऊल टाकले तेव्हा काच चुरडावी तसा आवाज आला आणि मगच खात्री पटली की खाली दगड नाही.

चालायची रीत तिने तिथेच शिकवली. पाय एकमेकांपासून वीतभर लांब ठेवायचे, नाहीतर एका पायाचे दाते दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये रुततात. पाऊल सपाट आणि जोर देऊन टाकायचे, आपल्याकडे पापड वाळत घालताना पोरे गच्चीवर चवड्यांवर चालतात तसे मुळीच नाही. उतरताना गुडघे वाकवायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका ओळीत, पुढच्याच्या पावलावर पाऊल. फोटोसाठी ओळ सोडायची नाही.

पहिल्या चढावर काळ्या राखेचे शंकू उभे होते, कमरेएवढे, काही डोक्याएवढे. वाळूचे ढीग वाटावेत असे. गाइडने एकावर कुऱ्हाड मारली. बोटभर राखेखाली निळसर बर्फ चमकला. तिने सांगितलेले कारण मी आता वर्गात सांगते. राखेचा पातळ थर काळा असल्याने ऊन शोषतो आणि खालचा बर्फ लवकर वितळतो. तोच थर जाड असेल तर ऊन खालपर्यंत पोचत नाही आणि बर्फ वाचतो. आजूबाजूचा बर्फ खाली जातो, झाकलेला तेवढा उभा राहतो. एकच राख, थोडी असली तर बर्फाला खाते आणि पुरेशी असली तर पांघरूण होते.

वर गेलो तसा रंग बदलला. काळ्याचा करडा झाला, करड्याचा पांढरा, आणि भेगांच्या आत निळा. हा निळा रंग आकाशाचे प्रतिबिंब नव्हे. दाट, हवा निघून गेलेला बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो आणि निळा बाहेर सोडतो. भेगेच्या काठापासून चार हात दूर उभे राहून एकेकाला तो पाहू दिला. गाइड स्वतः काठाच्या बाजूला पाय रोवून उभी होती.

पुढे पाण्याचा आवाज ऐकू आला. बर्फावरून एक ओहोळ वाहत येत होता आणि एका गोल भोकात नाहीसा होत होता. आपल्या विहिरीच्या तोंडाएवढे भोक, भिंती निळ्या, तळ दिसत नाही. वितळलेले पाणी फिरत फिरत असा खड्डा कोरते आणि हिमनदीच्या पोटात उतरते. तिथून ते खालच्या दगडापर्यंत जाते आणि शेवटी त्या वासाच्या नदीतून समुद्रात. ओहोळ मात्र वरचाच, स्वच्छ. भोकापासून लांब, वरच्या अंगाला आम्ही बाटल्या भरल्या. पाणी दातांना झोंबेल इतके गार होते.

त्या भोकापाशीच एक गोष्ट घडली. आदल्या दिवशीची वाट भोकाच्या बाजूने जाऊन वरच्या निळ्या कमानीपर्यंत पोचत होती. बर्फात कोरलेल्या पायऱ्या दिसतही होत्या. गाइड पुढे गेली, कुऱ्हाडीने ठोकून पाहिले, वाकून ऐकले आणि परत आली. रात्रीच्या पावसाने पायऱ्या घासून गुळगुळीत झाल्या होत्या आणि भोकाचे तोंड वाटेकडे रुंदावले होते. ती म्हणाली, “आज इथून नाही.”

गटातला एक तरुण हिरमुसला. कमानीचा फोटो पाहूनच त्याने पैसे भरले होते. काल लोक गेले मग आज का नाही, असे त्याचे म्हणणे. ती चिडली नाही. “कालची वाट कालच्या बर्फावर होती,” एवढेच बोलली आणि उजवीकडच्या उतारावर कुऱ्हाडीने नव्या पायऱ्या कोरायला लागली. एक पायरी, तिच्यावर उभे राहून दुसरी. आम्ही दहा-बारा मिनिटे थंडीत उभे होतो. मग ज्या पायरीवर तिने आधी स्वतःचे वजन घातले होते तीवर एकेक जण चढला. कमान दिसली नाही. तरुणही निमूट चढला.

अब्बांचा प्रश्न मला तिथे आठवला. जाणकार माणूस असेल का? जाणकार माणसाने आम्हाला वाट दाखवली हे खरेच, पण खरी जाण त्याने वाट नाकारली तेव्हा कळली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये याच देशातल्या एका हिमनदीवर बर्फ कोसळून एका पर्यटकाचा जीव गेला होता. बर्फ उन्हाळ्यात किती झपाट्याने बदलतो याची ती कडू आठवण. वाचकांपैकी कोणी गेलेच तर एवढे ध्यानात ठेवावे की गाइडशिवाय हिमनदीवर पाऊल टाकू नये, आणि गाइड ‘नाही’ म्हणाला तर पैसे वाया गेले असे मानू नये.

मुलांसाठी एक गंमतही सांगते. आइसलँडच्या काही हिमनद्यांवर शेवाळाचे मुठीएवढे गोळे सापडतात. ते सगळ्या बाजूंनी हिरवे असतात, म्हणजे कुठेतरी हळूहळू लोळत असले पाहिजेत. तिथे त्यांना ‘हिमनदीचे उंदीर’ म्हणतात. आम्हाला काही तो उंदीर भेटला नाही.

उतरताना

परतीच्या वाटेवर एका बाईंनी गाइडला विचारले, “आम्ही विमानाने येतो, धूर होतो, आणि मग वितळणारा बर्फ बघतो. आम्ही न आलेलं बरं का?” गाइड काही पावले गप्प चालली. मग म्हणाली, “याचं उत्तर मला येत नाही. माझं पोट तुमच्यावर आहे. पण जाताना पाटीपाशी तुम्ही घाई करत होता, येताना बहुतेक जण स्वतःहून थांबतात, एवढं मी रोज बघते.” आणि खरोखर, खाली आल्यावर सगळे थांबले. आधी हिरमुसलेला तरुणही. त्याने कमानीऐवजी आकड्यांचा फोटो काढला.

देशाच्या पश्चिम भागात ‘ओक’ नावाच्या डोंगरावरची हिमनदी आता हिमनदी राहिलेली नाही. बर्फ इतका पातळ झाला की तो स्वतःच्या वजनाने सरकेनासा झाला, म्हणून २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी तिचे नाव यादीतून काढले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लोक डोंगर चढून गेले आणि दगडावर तिच्या आठवणीची पाटी बसवली. सगळ्या आइसलँडचा हिशेब केला तर १८९० पासून सुमारे २,२०० चौरस किलोमीटर बर्फाचे क्षेत्र गेले आहे, म्हणजे बृहन्मुंबईच्या साडेतीन पटींहून जास्त. या देशाची सुमारे सत्तर टक्के वीज पाण्यावर तयार होते आणि त्यातल्या मोठ्या नद्यांना हे बर्फच पाणी देते. आज वितळते तेव्हा पाणी जास्त येते. साठाच संपला की काय, हा त्यांच्या पुढच्या पिढीचा प्रश्न आहे.

आम्ही गाडीतळावर आलो तेव्हा दीड वाजला होता. आइसलँडचे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेशी जुळवलेले आणि देश मात्र त्याच्या बराच पश्चिमेला, त्यामुळे मध्यान्ह सव्वाच्या सुमारास होते. जोहरची वेळ नुकतीच लागली होती. जून-जुलैत तिथे सूर्य जेमतेम मावळतो आणि इशा-फजरच्या वेळांचा मोठा प्रश्न पडतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला दिवस चौदा तासांच्या आसपास असतो, म्हणून नमाजी माणसाला हा महिना सोपा. वजू निघतानाच केली होती. खडीवर एका बाजूला मुसाफिराची दोन रकात नमाज अदा केली. जन्मभर किब्ला पश्चिमेला. इथे तोंड पूर्वेकडे, किंचित दक्षिणेला झुकून. आपण पृथ्वीच्या किती दुसऱ्या बाजूला आलो हे मला विमानात कळले नव्हते, ते त्या क्षणी कळले.

विहिरीची वही

परत आल्यावर मुलींनी फोटो पाहिले, बर्फ काळा का हे विचारले, उंदरांवर हसल्या. मग एकीने विचारले, “बाई, आपल्याकडे तर हिमनदी नाही. मग आपण काय मोजायचं?”

प्रश्न बरोबर होता. आपली कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिला बर्फाचे पाणी मिळत नाही. गंगा-सिंधूला हिमालयाचा आधार आहे, महाराष्ट्राच्या नद्यांना पावसाचा आणि जमिनीत मुरलेल्या पाण्याचा. म्हणजे आपला बर्फ जमिनीखाली आहे. तो दिसत नाही, एवढाच फरक.

आमच्या शाळेमागे एक जुनी विहीर आहे. उन्हाळ्यात पाणी खाली जाते हे सगळ्यांना ठाऊक, पण किती खाली आणि कोणत्या वर्षी किती, हे विचारले तर शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत प्रत्येकाचे उत्तर वेगळे. प्रत्येक जण आपल्या आठवणीतला सर्वांत वाईट उन्हाळा सांगतो. आम्ही कठड्यावर तेलरंगाने एक खूण केली, सुताच्या दोरीला दर मीटरला गाठ मारली आणि टोकाला दगड बांधला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोन मुली पाणी मोजतात. कठड्याजवळ त्या जात नाहीत, दोरी शिपाईमामा सोडतात आणि मुली गाठी मोजतात. हा नियम गाइडकडून शिकलेला. वहीत तारीख, आकडा आणि मोजणाऱ्यांची नावे लिहायची.

सध्या वहीत मोजकेच आकडे आहेत. त्यांवरून काहीच सिद्ध होत नाही, हेही मी मुलींना सांगितले आहे. क्वोल्सव्होलुरच्या मुलांनी पहिल्या वर्षी खूण रोवली तेव्हा त्यांच्याकडेही एकच आकडा होता. यंदाची नववी दहावीत जाईल, वही पुढच्या नववीकडे जाईल. पाणी चढले तर चढले लिहायचे, उतरले तर उतरले. आपल्या घराजवळ विहीर, आड किंवा बोअर असेल तर वाचकांनीही मुलांच्या हाती अशी एक वही द्यावी. खर्च दोरीचा आणि थोड्या रंगाचा. दहा वर्षांनी कोणी येऊन विचारले की पाणी खरेच कमी झाले का, तर वाद घालायच्या आधी वही उघडता येईल.